मधल्या मापाची पाखरं

एप्रिलात फ्रीसलंडची कुरणं
अर्धी गवत असतात, अर्धी पाणी.
वीब्रन वाऱ्याला पाठ देऊन बसतो,
दातांत शीळ, मुठीत जाळ्याची दोरी,
समोर लाकडाची चार खोटी पाखरं
खरी उतरावीत म्हणून.
शेजारी मी, नोंदवही घेऊन.
सात वर्षं झाली, शीळ अजून
मला वाजवू देत नाही तो.

थवा वळला की दोरी.
एवढंच. बाकी सगळं थांबणं.

पोत्यातून एकेक रफ निघतो,
मुठीत ऊबदार, छातीत मोटार लावल्यासारखा.
पायात कडं. पंख पट्टीवर.
एकशे नव्वदच्या आसपास : नर.
एकशे साठच्या आत : मादी.
पट्टी लागेपर्यंत माझ्या भाषेत
ते सगळं ‘ते’ असतं. ते पाखरू.
मग आकडा येतो
आणि मी तो किंवा ती लिहिते.

त्या दिवशी एक आलं
एकशे पंच्याहत्तरचं.
गळ्याला झालर नाही, पाठ मादीसारखी मातकट.
वीब्रननं ते बराच वेळ धरून ठेवलं.
‘नर आहे,’ म्हणाला, ‘झालर न घालणारा.
माद्यांत मादीसारखा चालतो.
नाचाच्या उंचवट्यावर काळ्या झालरीचे भांडत बसतात,
पांढरे कडेकडेनं येतात,
आणि हा मधूनच.
कधी हा दुसऱ्या नरावर चढतो,
कधी दुसरा याच्यावर.
कुणी पंचायत बोलावत नाही.’
मूठ उघडली. पाखरू गेलं,
मागे हातावर जरा चिखल.

रात्री त्यानं जुन्या वह्या काढल्या.
मादीच्या रकान्यात एकशे बहात्तर,
एकशे अठ्ठ्याहत्तर, पुढे शेरा : थोराड.
खोडलं काहीच नाही.
प्रत्येकापाशी पेन्सिलीचं बारीक वर्तुळ.
त्रेचाळीस झाली.
‘रकाने मीच आखले होते,’
एवढंच बोलला, आणि दिवा मालवायला उठला.

त्याची लेक दुधाचा टँकर चालवते. फुक्ये.
पस्तीस वर्षं तिला फोके म्हणत.
तिनं सांगितलं ते स्वयंपाकघरात, उभ्यानंच.
वीब्रननं कॉफी संपवली.
‘टँकर चालवशील ना?’
‘चालवीन की.’
‘मग ठीक.’
पण तोंडी जुनंच नाव यायचं,
म्हणून त्यानं हाक मारणंच सोडलं.
पोटच्या पोरीला नुसतं ‘ऐक’ म्हणायचा,
तेही खिडकीकडे बघून.

वर्तुळांची गोष्ट तिच्या कानावर गेली.
‘बाबा, मला नको हं वर्तुळ.
मी मधली नाही. मी बाई आहे.
आणि पाखरू तर मुळीच नाही.’
वीब्रन मान हलवत राहिला.
‘पाखरांना विचारता येत नाही,’ म्हणाला,
‘म्हणून पट्टी.’

इकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात.
पहिल्या वर्षी मला हसू आवरेना.
त्यावर वार नसतात, नुसत्या तारखा,
एकच कॅलेंडर आयुष्यभर पुरतं,
गेलेल्यांची नावंही तशीच राहतात.
अकरा नोव्हेंबरला होतं ‘फोके’,
तिच्या आईच्या हातचं, निळ्या शाईत.
आईला जाऊन नऊ वर्षं झालेली.
ते खोडायचं त्याच्या जिवावर आलं असणार.
त्यांच्या लिपीत दोन अक्षरांचं काम :
एक मधे सारलं,
एकाला वळवून शेपूट काढलं.
बाकीचं आईचंच.

रविवारी फुक्ये आत गेली
आणि बराच वेळ बाहेर आली नाही.
सूप निवत होतं.
वीब्रन उठला, दारापाशी जाऊन उभा राहिला,
घसा खाकरला.
‘बरी आहेस ना गं, फुक्ये?’

हा ‘गं’ मी घातलाय.
त्याच्या बोलीत असा शब्द नाही.
आवाजात होता.